हायवेपेक्षा बरा गोठा

पावसाळ्याच्या रात्री अकोल्याहून वाशिमकडे निघालेला ट्रकवाला मालेगाव जवळ आलं की वेग कमी करतो. हे मालेगाव नाशिकचं नव्हे. हे वाशिम जिल्ह्यातलं, जुन्या कागदांतलं मालेगाव जहांगीर. इथं अकोला-हिंगोली रस्ता आणि नागपूर-संभाजीनगर रस्ता एकमेकांना भेटतात, आणि विदर्भातल्या कुठल्याही हायवेसारखीच इथंही पावसाळ्यात ढोरं रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली असतात. हॉर्न वाजवा, लाइट मारा, ती हलत नाहीत. लोक म्हणतात, जनावराला अक्कल नाही.

खरं तर अक्कल आहे म्हणूनच ती तिथं बसतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी माती भिजून तिचा लगदा झालेला असतो. डांबराला मात्र दिवसाच्या उन्हाची ऊब असते. गाड्यांच्या वाऱ्यानं डास-माशा टिकत नाहीत. शिवाय रस्त्याला मधे फुगवटा आणि कडेला उतार असतो, चाळीस ते साठ फुटांना एक फूट, त्यामुळे पाणी थांबत नाही. पशुसंवर्धनाची पुस्तकं गोठ्याच्या जमिनीला जवळपास एवढाच उतार सांगतात. कोरडी, उबदार, वारा लागणारी आणि पाणी न साचणारी बैठक गाईनं स्वतःच शोधलेली आहे. तिच्यासाठी निवारा बांधायला निघालेल्या माणसांनी आपली स्पर्धा या डांबराशी आहे, एवढं आधी मान्य करावं.

हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवून निवाऱ्यात किंवा गोशाळेत ठेवण्याचे आदेश दिले. त्याच आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात हलवायलाही सांगितलं. ‘निवारा’ हा शब्द आदेशात लिहायला सोपा असतो. दोन हायवेंच्या चौकावर बसलेल्या तालुक्याच्या गावाला मात्र त्याची जागा, भिंत, छप्पर आणि चाऱ्याचं बिल ठरवावं लागतं. आणि अशा वेळी सरकारी डोकं एकाच दिशेनं चालतं: शेड किती फुटांचं, टिन कोणतं, भूमिपूजन कधी.

वास्तविक पहिला प्रश्न शेडचा नाही. आत आलेलं जनावर सरासरी किती दिवस राहणार, हा पहिला प्रश्न आहे. छपराची लांबी, पाण्याची टाकी, शेणाचा खड्डा, माणसांचा पगार हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. आणि नेमका तोच आकडा नकाशावर कुठं लिहिलेला नसतो.

आपल्या जुन्या कोंडवाड्याला तो आकडा ठाऊक होता. १८७१ चा पशु अतिचार कायदा वाचायला रुक्ष आहे, पण गोठ्याचा नकाशा म्हणून वाचला तर फार हुशार वाटतो. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं ढोर कोंडवाड्यात घालायचं. मालकानं दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं. सात दिवसांत कोणी आलं नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, जाहीर नोटीस लावायची आणि आणखी सात दिवसांनी लिलाव. म्हणजे मुक्काम जास्तीत जास्त पंधरवडाभर. म्हणूनच गावोगावचे कोंडवाडे एवढेसे असतात: छातीभर दगडी भिंत, एक फाटक, एखादं लिंबाचं झाड, पाण्याचं टाकं. बरेचदा छप्परही नाही. सोय म्हणून ती जागा वाईटच. दया पवारांनी १९७४ मध्ये आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिलं तेव्हा त्या शब्दातली घुसमट कोणाला समजावून सांगावी लागली नाही. पण हिशेब म्हणून कोंडवाडा पक्का होता, कारण आत यायचा रस्ता आणि बाहेर जायचा रस्ता दोन्ही त्यात आखलेले होते.

बाहेर जायचा रस्ता गेल्या दहा वर्षांत बुजला. महाराष्ट्राच्या प्राणी रक्षण कायद्यातली १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली. गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, आता बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. हा कायदा बरा की वाईट यावर पुष्कळ भांडून झालं आहे, आणि ते भांडण इथं पुन्हा उकरायचं कारण नाही. इमारतीच्या दृष्टीनं एवढंच महत्त्वाचं, की भाकड गाय आणि थकलेला बैल यांना बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. त्याच सुमारास शेतात ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी परवडेनाशी झाली. ज्वारीखालचं रान सोयाबीनकडे गेलं, कडबा आटला आणि गव्हाणीत कुटार उरलं. म्हैस या बंदीत येत नाही. आणि हायवेवर मधोमध बसलेली म्हैस क्वचितच दिसते. यावरून जनावर मोकाट का होतं, याचं अर्धं उत्तर मिळतं.

आता साधा हिशेब करू. रांगेचं एक जुनं गणित आहे, जॉन लिटल या अमेरिकन गणितज्ञानं १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. एखाद्या जागेत एका वेळी किती जण असतील? महिन्याला येणारे गुणिले सरासरी मुक्कामाचे महिने. बँकेच्या खिडकीला ते लागू पडतं, दवाखान्याच्या खाटांना लागू पडतं आणि गोठ्यालाही पडतं. समजा, गावात महिन्याला दहा जनावरं पकडली. मुक्काम चौदा दिवसांचा असेल तर कोंडवाड्यात कुठल्याही दिवशी साधारण पाच ढोरं सापडतील. तीच दहा जनावरं मरेपर्यंत ठेवायची आणि सरासरी मुक्काम पंधरा वर्षं धरला, तर आकडा जातो १,८००. जनावरं म्हातारी आहेत, पाचच वर्षं जगतील असं मानलं तरी ६००.

भारतीय मानकांप्रमाणे मोकळ्या गोठ्यात एका मोठ्या गाईला साडेतीन चौरस मीटर छपराखाली आणि सात चौरस मीटर उघड्यावर लागतात. १,८०० गाईंना मिळून ही जागा पावणेपाच एकरांच्या घरात जाते, तीही चाऱ्याचं गोदाम, रस्ते, दवाखाना न धरता. दिवसाला एका गाईला पन्नास लिटर पाणी धरा, म्हणजे रोज ९०,००० लिटर. दहा हजारी टँकरच्या नऊ खेपा, आणि तेही मेमध्ये, जेव्हा वाशिम जिल्ह्यातली गावं स्वतःच टँकरची वाट पाहत असतात. शेण दहा किलो धरलं तरी रोज अठरा टन. आवक तीच, महिन्याला दहा. फरक फक्त मुक्कामाचा.

सरकारी मदत आजवर बहुतेक छपराच्या बाजूनं आली. २०१७ च्या गोवर्धन गोवंश सेवा केंद्र योजनेत जिल्ह्याला एक गोशाळा निवडून तिला एक कोटी रुपये द्यायचं ठरलं. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये जाहीर झाले. पण २०१९ च्या दुष्काळात याच राज्यानं चारा छावणीतल्या मोठ्या जनावराला दिवसाचे १०० रुपये धरले होते, तेही मे महिन्यात ९० पुरत नाहीत म्हणून वाढवून. छावणीत गाय १०० रुपये खाते आणि पाच वर्षांनी गोशाळेत ५० रुपये खाते, हे कोणत्या गव्हाणीत शक्य आहे? उरलेले पन्नास देणगीदार भरतो, किंवा गाय भरते, आपल्या बरगड्यांनी.

गोशाळा चालवणारी माणसं यावर एक रास्त गोष्ट सांगतील. गाय म्हणजे गोदामातला माल नाही. ती बाहेर जावी म्हणून आम्ही तिला आणलेलंच नाही, मरेपर्यंत सांभाळायला आणलं आहे. मालेगाव तालुक्यातच शिरपूर आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. जीवदया हा शब्द तिथल्या हवेत आहे, आणि त्या भावनेला हिशेबाची फुटपट्टी लावणं अनेकांना रुचणार नाही. पण जीवदयेच्या परंपरेतलीच माणसं हिशेबाला किती पक्की होती, हे मुंबईच्या पांजरपोळात दिसतं.

१८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता. पारशी आणि हिंदू-जैन मंडळी शिपायांवर धावून गेली, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद ठेवून कोटातल्या इंग्रजांचा शिधा अडवला. त्यातून धडा घेऊन १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा केला. भिंत घालण्याबरोबर त्यांनी कायमच्या उत्पन्नाची सोय केली: आपल्याच व्यापारातल्या मालावर ‘लागा’ म्हणजे कर बसवला. आजन्म मुक्काम द्यायचा तर उत्पन्नही आजन्म हवं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पुढं शहर दाटलं तशी मुंबईबाहेर जागा घेऊन जनावरं तिकडे हलवली. भुलेश्वरचं दार राहिलं, रान दुसरीकडे गेलं. दोनशे वर्षं होत आली, संस्था चालू आहे.

आपल्या विदर्भात तर याच्याही पुढचा विचार झाला होता. गांधीजी सतत मांडत, की गोशाळा गावाच्या गर्दीत नको, बाहेर मोकळ्या जमिनीवर हवी, जाणकाराच्या हाती हवी आणि तिला जोडून चर्मालय हवं. मेलेल्या जनावराचं कातडं, हाडं, मांसाचं खत वाया जाऊ द्यायचं नाही. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी असं चर्मालय चालवूनही दाखवलं. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने, फेब्रुवारी १९४२ पर्यंत, वर्ध्याच्या गोपुरीत झोपडीत राहून गोसेवेला दिले. त्या मंडळींनी मरण नकाशात धरलं होतं. आजच्या गोशाळेच्या नकाशात देणगीदारांचा फलक कुठं लागणार हे ठरलेलं असतं. अडीच-तीनशे किलोचं मेलेलं जनावर कोणत्या वाटेनं, कोणाच्या ट्रॉलीत, कोणत्या खड्ड्याकडे जाणार आणि तो खड्डा विहिरीपासून किती लांब, हे बहुधा नसतं.

तेव्हा नकाशा काढायला बसायचं तर एक शेड न काढता तीन वेगळ्या जागा काढाव्या लागतील. कारण आवक एकजात नसते. काही ढोरांना मालक असतो, सकाळी दूध काढून सोडून देणारा. त्यांच्यासाठी रस्त्याजवळ छोटा, पक्का कोंडवाडा पुरे. कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला आता मालकाचं नाव सांगतो, त्यामुळे फोन करून दंड वसूल करणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. काही जनावरं जखमी, आजारी किंवा पोटात प्लास्टिक भरलेली. त्यांना आठवड्यांचा मुक्काम आणि डॉक्टर हवा. आणि उरलेली खरोखरच आजन्माची. या तिघांना एका टिनाखाली बांधलं, की तरण्या गोऱ्ह्यानं म्हाताऱ्या गाईला ढकलायचं आणि आजाऱ्यानं निरोग्याला आजार द्यायचा.

हे शेवटचं वाशिम-अकोला-बुलढाणा पट्ट्याला समजावून सांगायची गरज नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला तेव्हा अंगभर गाठी आलेली, पाय सुजलेली जनावरं गोठ्यागोठ्यात उभी होती आणि गुरांचे बाजार बंद करावे लागले. लम्पी पसरवतात माश्या, डास, गोचीड. त्यांना भिंत अडवत नाही. म्हणून नवीन आलेलं जनावर किमान तीन आठवडे वेगळं ठेवायचं तर ते शेजारच्या खोलीत ठेवून भागत नाही. दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वेगळ्या पाण्यावर आणि शक्यतो वेगळ्या माणसाच्या हाती ठेवावं लागतं. शेणाचा उकिरडा गोठ्याला चिकटून असेल तर सगळी फवारणी वाया.

आता आजन्माच्या गोठ्यात जरा खाली वाकून बघू. म्हातारी गाय उठते कशी? घोडा पुढचे पाय टेकून उठतो. गाय आधी मागचा भाग उचलते, आणि ते जमावं म्हणून डोकं आणि मान झटक्यानं पुढं फेकते. त्या झटक्याला तिच्या तोंडापुढं दोन-तीन फूट मोकळी जागा लागते. आपण काय करतो? सिमेंटची उंच गव्हाण तिच्या नाकाला लावतो आणि दावं आखूड बांधतो. तरणी गाय कशीबशी वाकडी होऊन उठते. म्हातारी दोनदा प्रयत्न करते, गुळगुळीत कोब्यावर मागचा खूर सरकतो, ती पुन्हा बसते. एकदा बसकण मारली, की तिच्याच वजनानं पायाचे स्नायू दबतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती उठूच शकत नाही. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं जातं: वार्धक्य. खरं कारण गवंड्याचं असतं. कोबा ओला असताना त्यावर ओळी ओढल्या असत्या, बसायची जागा मुरमाची ठेवली असती, दावणीऐवजी मोकळा गोठा केला असता, तर ती आणखी दोन पोळे बघती.

मालेगावकडच्या काळ्या मातीचा स्वभाव तर गवंड्यालाही ठाऊक आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, पाया हलवते. तिच्यावर थेट फरशी टाकली की दोन वर्षांत तडे आणि तड्यांत मूत. माती काढून मुरूम दाबायचा, उतार द्यायचा, नाली बाहेरच्या अंगानं न्यायची. एवढ्यासाठी आर्किटेक्ट लागत नाही, पण टेंडरमध्ये ती ओळ लागते. छप्पर पूर्व-पश्चिम लांब ठेवलं तर उन्हाळ्यातलं सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत शिरत नाही. टिन चाळीस अंशांच्या पुढं तव्यासारखं तापतं. त्यावर चुन्याची सफेदी आणि कुटाराचा थर, माथ्यावर गरम हवा निघायला फट, आणि दक्षिण-पश्चिमेला लिंबाची रांग. लिंब मोठा व्हायला वर्षं लागतात हे खरं. म्हणून तो कोनशिलेच्या आधी लावायचा.

अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी गुरांच्या वाटा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, वाकून चालत तपासल्या. लोंबणारी साखळी, जमिनीवरची काळी सावली, उन्हात चमकणारं डबकं एवढ्यावर गुरं अडतात आणि माणसं त्यांना काठीनं झोडतात, हे त्यांनी दाखवून दिलं. ट्रकमधून उतरायचा धक्का वीस अंशांपेक्षा तीव्र नसावा, हा त्यांचाच ठोकताळा. आपल्याकडे पकडलेलं जनावर टेम्पोतून अक्षरशः खाली ओढलं जातं, आणि निवाऱ्यातल्या पहिल्या मिनिटाला त्याचा पाय मोडतो. धक्क्याचा खर्च एका सत्कार समारंभाच्या मांडवाएवढाही नाही.

कुत्र्यांचा प्रश्न वेगळा, पण गणित तेच. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं त्याच्या जागी सोडायचं असेल तर मुक्काम मोजक्या दिवसांचा, आणि छोटंसं केंद्र वर्षाला शेकडो कुत्री हाताळतं. तेच कुत्रं कायमचं कोंडायचं ठरवलं की प्रत्येक पिंजरा दहा-बारा वर्षांसाठी अडला. पिंजरे समोरासमोर ठेवू नयेत, कारण एकमेकांना बघून कुत्री दिवसभर भुंकतात. पाठीला पाठ किंवा मधे आडोसा हवा. ज्या आवारांतून कुत्री हलवायचा आदेश आहे तेवढ्यांसाठीच कायमचे पिंजरे आणि बाकीच्यांसाठी नसबंदी केंद्र, अशी विभागणी नकाशात आधीच केली नाही, तर पहिल्या सहा महिन्यांत केंद्राचाच कोंडवाडा होईल.

जागेचा प्रश्न आला की सगळ्यांची बोटं ई-क्लासकडे वळतात. वऱ्हाडात गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात, आणि कागदावर ती रिकामी दिसते. प्रत्यक्षात तिच्यावर अनेक गावांत भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्पिढ्या वहिती करत आली आहेत. गाईला निवारा देताना माणसाच्या तोंडचा घास काढला, तर ती दया कोणाच्याही धर्मात बसणार नाही. शिवाय त्याच ई-क्लासवर एके काळी गुराखी गावाची ढोरं चारायचा, आणि सकाळी आखरावर गावची सगळी ढोरं गोळा व्हायची. आखराला ना भिंत होती ना छप्पर, तरी ढोर मोकाट नव्हतं, कारण संध्याकाळी ते आपापल्या घरी जायचं.

म्हणून सर्वांत स्वस्त निवारा हा शेतकऱ्याचाच गोठा आहे. उत्तर प्रदेशानं २०१९ मध्ये बेवारस गाय सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाला ३० रुपये द्यायची योजना काढली, पुढं ते ५० केले. तिथले अनुभव काही सगळे गोड नाहीत, मोकाट गुरांचा त्रास तिथं निवडणुकीचा मुद्दा व्हावा इतका आहे. तरी दिशा बरोबर आहे. जे ५० रुपये गोशाळेला मिळतात ते बिल्ला तपासून, दर महिन्याला जनावर डोळ्यांनी बघून, भाकड गाय न सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात गेले, तर आवकच कमी होते. आणि महिन्याची आवक दहावरून पाचवर आली, की १,८०० चे ९०० होतात. एक वीट न रचता.

उरलेल्यांसाठी बांधावंच लागेल, आणि चांगलंच बांधावं. मालेगावच्या नगरपंचायतीपुढं अशा निवाऱ्याचा नकाशा येईल तेव्हा नगरसेवकांनी टिनाचा रंग आणि कमानीवरचं नाव यांत वेळ घालवू नये. नकाशाच्या कोपऱ्यात तीन आकडे लिहून मागावेत: महिन्याला आवक किती, सरासरी मुक्काम किती दिवस, आणि त्या मुक्कामाचा रोजचा खर्च कोण देणार. तिन्ही रकाने भरलेले नसतील तर फाइल परत पाठवावी.